साखळीची मूठ

मोजणीदाराला आपल्या साखळीचा फार अभिमान होता, आणि तो त्याला शोभतही होता. त्याने मोजून दिलेल्या बांधावरून वीस वर्षांत कुणी कोर्टाची पायरी चढलं नव्हतं. म्हणून गावाबाहेरच्या जुन्या दगडी चौथऱ्याचं कोडं सोडवायचं ठरलं, तेव्हा दाजींनी, म्हणजे त्याच्या ताईच्या नवऱ्याने, त्यालाच हाताशी धरलं.

दाजी कॉलेजात इतिहास शिकवत. चौथऱ्याला ना पायऱ्या, ना वर काही बांधकाम. तो कशासाठी उभारला हे कुणालाच सांगता येत नव्हतं. दाजींना ते बघताक्षणी कळलं होतं, मोजायचं तेवढं बाकी होतं. एका दगडावर हातभर लांबीची खूण कोरलेली होती, तिचे चोवीस बोटांचे भाग पाडलेले. त्या मापाने त्यांनी साठ हात लांब साखळी घडवून घेतली. मोजणीदार पुढे, दाजी मागे. प्रत्येक बाजू एक्क्याण्णव हात सहा बोटं भरली, बेरीज बरोबर तीनशे पासष्ट.

"कॅलेंडर आहे हे, दगडाचं," दाजी म्हणाले. लेख छापून झाला, मोजणीदाराच्या नावासकट. विद्वानांच्या सभेत व्याख्यान ठरलं, शनिवारी संध्याकाळी पाचला.

शनिवारी दुपारी दाजींनी घराच्या ओसरीत साखळी पसरली. कसं मोजलं ते लोकांना करून दाखवायचं होतं. मोजणीदाराने पहिल्यांदाच मागे वळून पाहिलं. कामावर त्याची नजर कायम पुढच्या खुंटीवर असे. दाजींनी पितळी मूठ ऐटीत हातात धरली होती आणि मुठीपुढची पहिली कडी खुंटीला टेकवली होती.

"दाजी, तिकडेही अशीच लावली होती?"

"मग? मूठ धरायला असते. माप कडीपासून."

मोजणीदाराने वाकून मूठ बोटांनी मोजली. माप मुठीच्या बाहेरच्या कडेपासून सुरू होतं, हे त्याच्या धंद्यात शेंबडं पोरही जाणतं, आणि नेमकं तेच दाजींना सांगायचं त्याला सुचलं नव्हतं. मूठ तीन बोटांची, म्हणजे साखळी टाकताना दर वेळी तीन बोटं जमिनीवर न पडताच मोजली गेली. प्रत्येक बाजूला साखळी दोनदा टाकलेली, म्हणजे एकूण आठ वेळा. चोवीस बोटं. एक अख्खा हात जास्त.

गप्प बसलं तर कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. पण आकड्याखाली त्याचं नाव होतं, आणि खोट्या मापाखाली नाव ठेवणं त्याला जमणारं नव्हतं. ताई दाजींच्या कोटाला इस्त्री करत होती.

"तोंड का उतरलंय तुझं?"

त्याने सांगितलं. तिने इस्त्री बाजूला ठेवली. "मग माझ्या तोंडाकडे काय बघतोस? त्यांना सांग."

दाजी आधी हसले, मग तापले. "एका हाताने असं काय आभाळ कोसळतंय?"

"आभाळ नाही, दाजी. तुमचं कॅलेंडर कोसळतंय."

दाजींनी मूठ खाली ठेवली. मग म्हणाले, "उचल साखळी."

तीन तासांत त्यांनी चारही बाजू पुन्हा मोजल्या आणि धुळीने माखलेल्या कपड्यांनीच सभेत शिरले. इस्त्रीचा कोट घरीच राहिला.

"लेखातला आकडा चुकीचा आहे," दाजींनी सुरुवातच तिथून केली. "साखळीचं मागचं टोक माझ्याकडे होतं, चूक माझी. चौथऱ्याची प्रत्येक बाजू एक्क्याण्णव हात आहे. चारही बाजूंत बोटाचाही फरक नाही. बांधणाऱ्यांना मोजता येत होतं. मला आज दुपारी आलं."

मोजणीदार उठून उभा राहिला. "त्यांना शिकवायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही," तो म्हणाला.

मागून कुणीतरी विचारलं, "मग चौथरा बांधला कशासाठी?"

"मला माहीत नाही," दाजी म्हणाले, ताठ मानेने, आवाज न पाडता.

ताईच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दाजींच्या तोंडून हे शब्द मोजणीदाराने कधी ऐकले नव्हते. ताईने माणूस चांगला निवडला, असं त्याला त्या दिवशी पहिल्यांदा मनापासून वाटलं.