नुसते ओठ हलव

बेसूर माणूस मला सहन होत नाही. ताई याला माझा स्वभावदोष म्हणते, मी कान म्हणतो. दिवसभर मी शिलाईयंत्रं दुरुस्त करतो आणि संध्याकाळी आमच्या चर्चच्या गायकवृंदाला शिकवतो. दोन्हीकडे काम एकच: खडखड कुठून येतेय ते शोधायचं आणि ती बंद करायची.

यंत्राला तेल घालता येतं, माणसाला काय घालणार? आणि सूर लागत नाही म्हणून देवाच्या घरातून कुणाला हाकलायचं तरी कसं? म्हणून मी एक युक्ती काढली होती. अशा माणसाला हळूच बाजूला घ्यायचं, मागच्या रांगेत उभं करायचं आणि सांगायचं, "तुम्ही नुसते ओठ हलवा." लोक मुकाट्यानं ऐकतात. बघणाऱ्याला रांग भरलेली दिसते आणि मला त्रास नाही. खोटं कशाला बोलू, या युक्तीचा मला अभिमान होता.

ती मी पहिल्यांदा वापरली माझ्या सख्ख्या बहिणीवर.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. ताईनं मला वाढवलं आणि त्या गडबडीत तिचं लग्न करायचं राहून गेलं. "राहून गेलं" हे तिचेच शब्द. इस्पितळाच्या धुलाईघरात तिनं चाळीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. लहानपणी मला ऑर्गन शिकायला तीच घेऊन जायची आणि तास संपेपर्यंत बाहेरच्या पायरीवर बसून राहायची. अशा बहिणीला मी बावीस वर्षांपूर्वी सांगितलं, "ताई, तू नुसते ओठ हलव." ती हसली, "बरं" म्हणाली, आणि तेव्हापासून एकही सराव न चुकवता ओठ हलवत राहिली.

जेवायच्या आधी आम्हा दोघा भावंडांनी दिवसातल्या एकेका गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, ही आमच्या घरची रीत. माझे आभार सरसकट: "सगळ्याबद्दल आभार, आमेन." मला भूक लागलेली असते. ताईचे मात्र बारीकसारीक असायचे. बसवाल्यानं बघून बस थांबवली. इस्त्रीचा चटका बसता बसता वाचला. शेजारणीनं न सांगता दार धरलं. डिसेंबर लागला की त्यात रोज एकाची भर: "देवा, मला गायकांच्यात उभं राहायला मिळतं, त्याबद्दल आभार." हे मी बावीस वर्षं दर डिसेंबरात ऐकलं आणि प्रत्येक वेळी ताट पुढे ओढलं.

यंदा तिचा आवाज बसला. आम्ही सर्दी समजून महिना काढला. मग डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं, आम्हा दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. तारीख सत्तावीस डिसेंबर. जीव वाचेल, आवाज नाही.

"तोवर बोललं तर चालेल?" ताईनं घोगऱ्या आवाजात विचारलं.

"हवं तेवढं बोला."

"आणि गायलं तर?"

"गा की! आता बिघडायचं काय राहिलंय?"

मी खिडकीबाहेर बघत बसलो. ताईचा गाण्याचा आवाज कसा होता ते मला आठवेना. मी डोकं खाजवलं, डोळे मिटले, काही केल्या आठवेना. मीच बंद केलेला आवाज मला आठवत नव्हता, याची मला लाज वाटली.

बसथांब्यावर मी म्हणालो, "ताई, या नाताळला तू गा. मोठ्यानं."

"अरे छोट्या, सगळं बिघडेल की." मी सत्तावन्न वर्षांचा आहे, पण तिच्यासाठी छोट्याच.

"बिघडू दे."

तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं. मला माफी मागायची होती. शब्द अगदी तोंडाशी आले होते, पण बस आली आणि जागा पकडायच्या घाईत ते राहिलं. नंतरही धीर झाला नाही.

पुढच्या तीन आठवड्यांत तिचं बोलणं इतकं खाली गेलं की शेजारी उभं राहावं लागे. तरी गाताना काहीतरी निघेल अशी आशा मी धरून होतो. नाताळच्या सकाळी मी पुढच्या दोन्ही रांगांना आणि पाळकांच्या ऑर्गन वाजवणाऱ्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं, "शेवटच्या गाण्याचं तिसरं कडवं आलं, माझा हात खाली आला, की सगळे गप्प. फक्त मागची रांग गाईल." मागच्यांना मुद्दाम काही सांगितलं नाही, उगाच घाबरतील म्हणून.

तिसरं कडवं आलं. मी हात खाली केला. पुढचे थांबले, ऑर्गन थांबला.

आणि काहीच ऐकू आलं नाही. मागच्या रांगेत चारजण होते: पोस्टमन, बेकरीवाली, ज्याला सगळे खांब म्हणतात तो उंच गडी, आणि ताई. चौघांची तोंडं इमानदारीनं उघडत होती, मिटत होती. चौघांनाही तिथं मीच उभं केलं होतं! पोस्टमनला तर दरदरून घाम फुटला, पण ओठ थांबले नाहीत. ताईचं तोंड सगळ्यांत मोठं उघडलं होतं. समोरच्या मंडळींना वाटलं की ही मूक प्रार्थना आहे. त्यांनी माना खाली घातल्या, पाळकांनीसुद्धा. मी ते अख्खं कडवं मनात मोजत उभा राहिलो आणि मग कसाबसा हात वर केला.

माझी आज्ञा तिच्या अंगात इतकी मुरली होती की मोडायला सांगूनही तिला मोडता आली नाही, असं मनात घोकत मी घरी आलो. दुपारी जेवायला बसलो तेव्हा "सगळ्याबद्दल" हा शब्दसुद्धा माझ्या तोंडून फुटेना. ताईनं स्वतःच हात जोडले.

"देवा, आज छोट्यानं सगळ्यांना थांबवून मला गाऊ दिलं. पोटभर गायले. त्याबद्दल आभार." हे ऐकायला मला टेबलावर पुढे वाकावं लागलं. तिनं डोळे उघडले. "सगळा जोर लावला रे. माझ्या डोक्यात तर नुसतं घुमत होतं. तुला आलं ना ऐकू?"

ती गायली होती.

"आलं," मी म्हणालो.

"खरं सांग. कसं होतं?"

छान होतं म्हणालो असतो तर तिनं मला तिथंच पकडलं असतं.

"बेसूर होतं," मी म्हणालो. "दुसऱ्या ओळीत तर फारच."

तिचा चेहरा एकदम खुलला. ती आवाज न करता हसली, पदरानं डोळे पुसले आणि म्हणाली, "ती ओळ मला कधी जमलीच नाही." मग समाधानानं जेवू लागली.

मी मान खाली घालून बसलो. ती ओळ मला एकदा, कितीही बेसूर, ऐकायची होती.