नाव घेऊन केलेली प्रार्थना

रखमाबाईला परत चर्चच्या मंडळीत आणायचं असं कमिटीत ठरलं आणि काम बकुळाच्या गळ्यात पडलं. बकुळा अंबरनाथच्या मंडळीची बायबलबाई. आठवडाभर ख्रिस्ती घरं फिरायची, कोणाचं काय दुखतंखुपतं ते ऐकायचं, प्रार्थनेच्या विनंत्या चिठ्ठीवर उतरवायच्या आणि रविवारी चिठ्ठी शरदचंद्रसाहेबांच्या हातात द्यायची. साहेब फॅक्टरीत ऑफिसर, मंडळीत 'वडील', म्हणजे कारभार बघणाऱ्या पंचांपैकी एक. भर उपासनेत एकेकाचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. आवाज असा, की रस्त्यावरचा रिक्षावाला वळून बघेल.

या वेळी साहेब स्वतः बरोबर निघाले. "तीन वर्षं झाली. बाई विहारात जाऊन बसते म्हणे. हरवलेलं मेंढरू आहे, बकुळाबाई."

कसलं हरवलेलं! दगड मारून हाकललेलं मेंढरू ते. पहिला दगड आपणच उचलून दिला, हे बकुळाला पक्कं ठाऊक होतं.

नव्वद साली रखमाबाईच्या सोमाला सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉयची नोकरी लागली, राखीव जागेवर. जातीचा दाखला आजोबांच्या जुन्या कागदावरून काढलेला, 'हिंदू महार'. ख्रिस्ती लिहिलं की सवलत जाते, जात कुठे जाते? असे दाखले मंडळीतल्या अर्ध्या घरांत ट्रंकेच्या तळाशी आहेत. पण रखमाबाईला ते आतून खात होतं. बकुळाजवळ ती रडली. "प्रार्थना कर गं माझ्यासाठी." बकुळाने सवयीने चिठ्ठी लिहिली. रविवारी साहेब दीडशे माणसांपुढे गरजले, "हे बापा, रखमाबहिणीच्या सोमाने सरकारी कागदावर तुला नाकारलं, त्याला क्षमा कर!" सगळे म्हणाले, आमेन. पंधरा दिवसांत दवाखान्यात निनावी अर्ज पोचला, की दाखला खोटा. आमेन म्हणणाऱ्यांतलाच कोणीतरी. नोकरी गेली. आता सोमा शेजारच्या निर्वासितांच्या वसाहतीत, कॅम्प दोनला, एका सेठच्या कारखान्यात जीन्सच्या पँटींना बटणं ठोकतो.

त्याच वसाहतीत कॅम्प पाचमधल्या आपल्या खोलीचं दार रखमाबाईनेच उघडलं. 'या' म्हणाली नाही. शेजारची द्रौपदी दारात तांदूळ निवडत होती, ती सूप घेऊन आणखी जवळ सरकली.

"जय ख्रिस्त, रखमाबाई," साहेब म्हणाले.

"बोला."

"मंडळीला तुमची फार आठवण येते."

"कोणाकोणाला? नावं घ्या ना. तुम्हाला सवय आहे."

"ताई, विहारात बसून शांती मिळणार का?"

"तिथे माझं नाव घेऊन कोणी रडत नाही. एवढी शांती बास झाली."

द्रौपदी फिसकन हसली. साहेबांचे कान लाल झाले. "अर्ज कोणी केला ते देवाला ठाऊक! आम्ही प्रार्थनाच केली ना? शिवी तर नाही दिली?"

"शिवी परवडली असती, साहेब. शिवीला कोणी आमेन म्हणत नाही. तुमच्या पोरांना दाखला लागत नाही, म्हणून तुमची भक्ती एवढी खणखणीत."

 साहेबांनी डोळे मिटले आणि तिथेच, दारात, सुरू केलं, "हे प्रेमळ बापा, ही तुझी लेक रखमा, सैतानाने जिचं मन—"

गल्लीतून डोकी बाहेर आली.

"बंद करा!" रखमाबाई कडाडली. "मी येते. पण आधी जिथून माझ्या पोराचं नाव घेतलंत तिथेच उभं राहून सांगा, की चूक आमची होती. तेवढ्याच आवाजात."

"मंडळीची अब्रू जाईल."

"माझ्या पोराची गेली तेव्हा?" तिने दार लावून घेतलं.

स्टेशनकडे चालताना साहेब म्हणाले, "फार माज आलाय. रविवारी हिचं नाव पुन्हा घेऊ. चिठ्ठीत लिहा."

बकुळाने चिठ्ठी लिहिली नाही. रविवारी विनंत्यांच्या वेळी स्वतःच उभी राहिली.  "रखमाबाईने विश्वासाने मला सांगितलं. मी ते चिठ्ठीत लिहिलं. साहेबांनी ओरडून सांगितलं. तुमच्यातल्या कोणीतरी अर्ज केला. आपण सगळ्यांनी मिळून त्या पोराची—"

साहेबांनी हात वर केला, पेटी वाजायला लागली. दीडशे माणसं उठून गायला लागली. बकुळा ओरडत राहिली, ते गात राहिले. देवाच्या गाण्यानेच तिचं तोंड दाबलं. सोमवारी पाळकांचा निरोप आला, तुम्हाला राहायला दिलेली मंडळीची खोली महिनाअखेर रिकामी करा.

ती कॅम्प पाचला गेली आणि रखमाबाईला सगळं सांगितलं.

"मग आता मी येऊ म्हणतेस?" रखमाबाईने विचारलं.

"नको येऊस." आयुष्यभर लोकांना देवळात बोलावलेल्या बाईच्या तोंडून हे निघालं. "त्या लोकांत नको येऊस."

 रखमाबाईने पायाने पाट पुढे सरकवला. "बस. करायची तर प्रार्थना इथे कर. पण तोंड उघडायचं नाही."

दोघी बसल्या. बकुळाने डोळे मिटले, ओठ घट्ट धरले. तेवढ्यात सोमा आला. बोटं निळी झालेली, शर्टाला दोरे चिकटलेले. बकुळाला बघून तो उंबऱ्यातच थांबला.

"आई, हिला सांग," तो म्हणाला, "माझं नाव मनातसुद्धा घ्यायचं नाही."

 बकुळाने मान हलवली, हो.