स्वातंत्र्यदेवीच्या झग्याची लाज

मित्रांनो, मी एक जुना हिरवा झगा आहे. पडदा समजू नका. टोलेडो या अमेरिकी शहरात मी स्वातंत्र्यदेवी असतो. डोक्यावर फोमचा मुकुट, हातात मशाल असते. माझ्या शिवणीतून उरलेल्या कापडाची म्हणे एका तळ्याला दुलई झाली. मी काही नाकारत नाही.

डार्लीनबाईंचं लोकांची करविवरणपत्रं भरून देण्याचं दुकान आहे. दर हिवाळ्यात कुणीतरी मला अंगात घालून रस्त्याकडेला नाचतं आणि गिऱ्हाइकं बोलावतं. एकदा मला बघायला गाड्या इतक्या खोळंबल्या, की मागच्या गाडीत उन्हाळा लागला! आता बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात त्या मिठाने माझा घेर विरलाय, तरी पोरं सलाम ठोकतात.

हल्ली मला रसेल घालतो. उन्हाळ्यात तो घरांची छपरं दुरुस्त करतो. त्याने फिलिपिन्सला जाऊन मारिसेलशी लग्न केलं. ती अजून तिकडेच, व्हिसाची वाट बघत. इथे मात्र त्याने कुणाला सांगितलं नाही, शेजारच्या लॉन्ड्रीत काम करणाऱ्या आईलासुद्धा. परदेशी बायको म्हटल्यावर लोक काय काय टोमणे मारतील, ही धास्ती. डार्लीनबाईंनाही कळू नये म्हणून विवरणपत्र त्याने घरीच भरलं आणि ‘अविवाहित’वर खूण केली. बायकोने या देशात पाऊल ठेवलेलं नाही, मग कसली विवाहित, असं त्याचं तर्कट.

एका दुपारी तो मशाल हलवत असताना मारिसेलचा व्हिडिओ कॉल आला.

“काय अवतार केलायस!” ती हसली नाही. “व्हिसाच्या वकिलाने तुझं विवरणपत्र पाहिलं. म्हणाला, बाई, हा माणूस स्वतःला अविवाहित म्हणतो, मग तुम्ही कोण? सांग ना, मी कोण?”

त्या थंडीत मी घामाने आतून भिजलो. सगळ्या जगाला ‘या, या’ म्हणणारी देवी, आणि बायकोचा पत्ताच नाही! विणीविणीतून लाजलो मी.

रसेलने आत जाऊन डार्लीनबाईंना सगळं सांगितलं.

“माझ्या दारात नाचतोस आणि फॉर्म घरी भरतोस?” त्या कडाडल्या. “अरे बाबा, वर्षाच्या शेवटच्या दिवशी लग्न झालेलं असलं की त्या वर्षी तू विवाहित. बायको चंद्रावर असली तरी! दुरुस्ती पाठवू. वेगळं भर, नाहीतर दोघांचं एकत्र. एकत्र भरलंस तर तिची तिकडची कमाईही दाखवायची, तिची सही लागेल. विचार तिला.”

“कुठल्या तोंडाने?”

“मुकुट काढ, खाली तोंड सापडेल.”

त्याने फोन लावून विचारलं. मारिसेलने अट घातली.

“सहीचं मागाहून. आधी तुझ्या आईला सांग. फोन चालू ठेव, मला ऐकायचंय.”

मला फरफटत तो लॉन्ड्रीत शिरला. गिऱ्हाइकं वळून बघू लागली.

“आई, ही मारिसेल. माझी बायको. लग्नाला वर्ष होऊन गेलं.”

त्याच्या आईने, लोरेटाने, त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आणि हे सांगायला देवीचा वेश लागला?” मग ओले हात पुसून तिने फोन घेतला. “पोरी, मी लोरेटा. तुझं पूर्ण नाव सांग गं, म्हणजे मला चारचौघींत नीट सांगता येईल.”

मारिसेलने नाव सांगितलं. मग म्हणाली, “सही करीन मी. पण आधी आईंशी बोलू दे.”

मित्रांनो, मला चिखल चालतो, मीठ चालतं. फक्त आपलं माणूस लपवायला माझ्या आत शिरू नका. लोरेटाने बोलता बोलताच मला उतरवून यंत्रात टाकलं. रसेल मात्र सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मान खाली घालून उभा होता, आणि कुणीच त्याला बस म्हणत नव्हतं.