अळिवाचा डबा सान्तियागोला जातो

दिनांक पाच ऑक्टोबर, सन दोन हजार पंचवीस. स्थळ लंडनच्या वायव्येकडील पिनर, अलकाताईंच्या स्वयंपाकघरातील सर्वांत वरची फळी.

मित्रांनो, मी एक जुना, स्टीलचा, कडीचा डबा आहे. परक्या देशात माझ्यावर लपवाछपवीचा आळ आला. तो मला मुळीच मान्य नाही, म्हणून ही हकीकत सांगणे भाग आहे.

माझा जन्म कऱ्हाडच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची गोल चकती दाबून मला आकार दिला आणि कडी मागाहून बसवली. दुकानदाराने कुरकुरणाऱ्या यंत्राने माझ्या झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी ‘सौ. अलका शशिधर’ असे नाव घातले. भांड्यांवर नाव घालण्याची आपली रीत आजकाल कित्येकांना हास्यास्पद वाटते. मला वाटत नाही. ज्याच्या कपाळावर मालकिणीचे नाव आहे, त्याने आपल्या पोटात काय आहे याची लाज बाळगू नये, अशी माझी तेव्हापासूनची धारणा आहे.

डॉक्टर शशिधर ब्रिस्टलच्या एका हॉस्पिटलात नोकरीला लागले. गोडा मसाला पोटात घेऊन मीही अलकाताईंबरोबर या देशात आलो. पुढे त्यांची मुलगी देविका जन्मली, तेव्हा डॉक्टरांनी मला अळिवाच्या खिरीने भरून वॉर्डात नेले. तिथल्या सिस्टर कंबरेवर हात ठेवून वाट अडवून उभ्या राहिल्या. या डब्यात काय आहे, असे त्यांनी दरडावून विचारले.

डॉक्टरांनी कडी काढली, झाकण उघडले आणि म्हणाले, “बिया आहेत, सिस्टर. नारळाच्या दुधात शिजवलेल्या. आमच्याकडे बाळंतिणीला देतात.”

सिस्टरनी वाकून पाहिले. “दिसतंय भयंकर,” त्या म्हणाल्या, “पण तिला आवडत असेल तर खाऊ दे.”

विचारले, उत्तर दिले, उघडून दाखवले, संपले! याहून सोपा व्यवहार जगात नसेल. त्या दिवशी माझे कौतुक साऱ्या वॉर्डाने केले. पुढे आम्ही पिनरला आलो, या घरात प्लास्टिकचे डबे आले आणि मला वरच्या फळीवर बसवले गेले. डॉक्टर वारले. मला कोणी हात लावीनासे झाले, आणि त्याबद्दल मी कधी तक्रार केली नाही.

या जुलैत मला अचानक खाली काढून घासले. चिली देशात, सान्तियागो शहरात नोकरी करणारी देविका बाळंत झाली होती. अलकाताई तिच्याकडे निघाल्या होत्या, आणि तिला आपल्या हातचे अळीव खाऊ घालणे हीच त्यांची या प्रवासामागची एकमेव इच्छा होती. त्यांनी मला कच्च्या अळिवांनी गळ्यापर्यंत भरले आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवले. समोर त्यांचा मुलगा नील फोनवर प्रवासाची माहिती वाचत बसला होता.

“आई, तिकडे आता विंटर आहे, सो जाड कोट घे. घरात हीटिंग फारसं नसतं.”

“ब्रिस्टलला गॅसच्या मीटरमध्ये नाणी घालून थंडी काढली आहे मी. मला थंडी शिकवू नकोस.”

“आपला प्लग तिकडे बसत नाही, अ‍ॅडॅप्टर ठेवलाय. आणि एअरपोर्टवर एक छोटी स्लिप देतात, ती टाकू नको. लागते नंतर.”

“तुझ्या बाबांची पहिल्या दिवसाची बसची तिकिटंसुद्धा आहेत माझ्याकडे. मी काही टाकते का रे?”

“ओके, ओके. आता कस्टम्सचा फॉर्म. आई, हे लोक शेतीच्या बाबतीत very strict आहेत. काही नेलं तर लपवायचं नाही, फक्त सांगायचं. मग ते बघून ठरवतात. सीड्स? काही बिया आहेत?”

“बिया कसल्या? मी काय तिकडे शेती करायला चाललेय?”

“सो, नो.”

“नो.”

मित्रांनो, मी त्या दोघांच्या मधोमध होतो! नीलने फोनमधून मान वर केली असती, तर त्याला माझ्या झाकणात स्वतःचा चेहरा दिसला असता. आता कोणी म्हणेल, अलकाताई खोटे बोलल्या नाहीत. त्यांच्या लेखी अळीव म्हणजे बाळंतिणीचे औषध, बी नव्हे. हा युक्तिवाद मी ऐकून घेतो आणि फेटाळतो. मन इतके स्वच्छ होते, तर मला डॉक्टरांच्या मफलरात गुंडाळून, दोन स्वेटरांच्या मध्ये, बॅगेच्या तळाशी का ठेवले? औषधे तर त्यांच्या पर्समध्ये होती.

सान्तियागोच्या विमानतळावर यंत्राने मला पाहिले. तपासणीच्या बाईंनी मफलर सोडला, झाकणावरची अक्षरे निरखली आणि इंग्रजीत विचारले, “हे काय लिहिले आहे?”

“माझं नाव,” अलकाताई म्हणाल्या.

“आणि आत?”

“औषध. मुलीसाठी. ती बाहेर उभी आहे, तान्ह्या बाळाला घेऊन.”

बाईंनी चार दाणे तळहातावर घेतले. “हे मातीत टाकले तर उगवते?”

अलकाताईंना राहवले नाही. “दोन दिवसांत!” त्या म्हणाल्या. “एकदम ताजे आहेत.”

आपल्या मालाची बढाई मारता मारता त्यांनी कबुली दिली होती. ते कळताच त्या खुर्चीवर बसल्या. बाहेर देविका थंडीत ताटकळत होती आणि आत माझे पोट एका पिवळ्या पिशवीत रिकामे होत होते. ज्या एका गोष्टीसाठी त्यांनी अर्धी पृथ्वी ओलांडली, ती दारातच गेली. दंड झाला तो वेगळाच.

मुलांनो, दूरच्या देशी जाल तेव्हा कोट न्या, चिठोरी जपा. पण आधी, डब्यात जे आहे ते त्याच्या खऱ्या नावाने सांगा. ते कदाचित काढून घेतील. घेऊ देत. मात्र आम्हा मुक्या भांड्यांना तुमच्या ‘नाही’चे साक्षीदार करू नका. आम्हाला वाचा नाही, याचा हा गैरफायदा आहे, आणि तो संतापजनक आहे.

शेवटी बाईंनी मला उपडे केले. चोरकप्पा असेल या संशयाने माझ्या बुडावर बोटांनी टकटक केली, झाकण उलटसुलट पाहिले. मग कडी लावून त्यांनी मला अलकाताईंच्या मांडीवर ठेवले.

“डबा स्वच्छ आहे,” त्या म्हणाल्या. “उत्तर स्वच्छ नव्हते.”