आधी भोंगा, मग अरवा

आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात सौदीतल्या अबकैकमधल्या आमच्या इमारतीला क्षेपणास्त्रांपेक्षा माझ्या सात वर्षांच्या अरवाची धास्ती जास्त होती. खेळताना तिला नुसतं ‘यल्ला, चल जेवायला’ म्हटलं की ताटली उडायची आणि शेजारच्या अनिमेषला चावा बसायचा. शेवटी तो यायचाच बंद झाला.

“कुबराभाभी, क्षेपणास्त्राआधी निदान भोंगा तरी वाजतो,” त्याची आई शर्मिला म्हणाली. “तुमची पोरगी न सांगताच फुटते!”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझा नवरा सिराजुद्दीन मात्र विचारात पडला. “खरंय की. आपण तिला खेळातून एकदम उठवतो. आधी सांगून बघू.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या जरा आधी त्याने तोंडाने भोंगा वाजवला. अरवा खुदकन हसली, खेळ आवरला आणि शहाण्यासारखी जेवायला बसली!

पण नवऱ्याचा गळा पडला कोकणातला, खाडीपलीकडे हाक मारणारा. विषारी वायूच्या भीतीने इमारतीने आमचीच एक खोली फटींना चिकटपट्ट्या लावून सगळ्यांसाठी हवाबंद केली होती. खराच भोंगा समजून सगळे ओले टॉवेल तोंडाला लावून तिथे घुसले. शर्मिला तर अनिमेष आणि लाटण्यासकट.

भोंगा खोटा निघाल्यावर सगळे मलाच बोलायला लागले. मला! मी ओढणी खोचली आणि तोंड उघडलं.

अरवाने माझ्याकडे निरखून पाहिलं, बापासारखाच भोंगा वाजवला आणि अनिमेषचा हात धरून त्याला पलंगाखाली ओढलं.

“लपा सगळे! अम्मी फुटतेय!”