आजचे स्थळ

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फळा आहे. केजच्या बसस्थानकाकडून बाजाराकडे येताना डाव्या हाताला इंटरनेटचे एक दुकान लागते, त्याच्या दाराशी मी उभा असतो. माझ्या वरच्या डाव्या कोपऱ्यात खडू उमटत नाही आणि चौकटीचा एक खिळा सैल आहे. तरीही माझ्यावर आज काय लिहिले आहे ते वाचल्याशिवाय या रस्त्याने सहसा कुणी पुढे जात नाही. मोठेपणा म्हणून नव्हे, आहे ते सांगतो.

म्हाळू सुताराच्या पडवीत माझा जन्म झाला. सागाच्या फळ्या सांधून, त्यावर रंधा मारून त्यांनी मला काळाभोर रंग दिला. सुरुवातीची वर्षे गणिताच्या शिकवणीत गेली. तिथले गुरुजी मला रोज ओल्या फडक्याने पुसत आणि ‘याच्यावर अक्षर कसं उठून दिसतं बघा’ असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ते ऐकून मला फार बरे वाटे. पुढे गुरुजी लातूरला गेले, शिकवणी बंद झाली. घरमालकांनी मला ज्वारीच्या कोठीवर झाकण म्हणून टाकले. माझ्यावर लोणच्याची बरणी आली. बरणीतले तेल झिरपून लाकडात मुरले, तोच हा खडू न घेणारा कोपरा. अंधारात पडून मी अक्षरांची वाट पाहत असे. अक्षरे काही येत नव्हती, मुंग्या मात्र येत होत्या.

त्या घरच्या सूनबाई म्हणजे शिवगंगाबाई. त्यांचे यजमान राजेश्वर यांचा एसटीडीचा बूथ होता. घरोघरी फोन आले आणि बूथमध्ये माश्या मारायची वेळ आली. तेव्हा त्यांनी बूथ मोडून कॉम्प्युटर आणले. इंटरनेट हे प्रकरण गावात अगदी नवे होते. टारगट पोरे आत घुसत, जाणती माणसे मान फिरवून पुढे जात आणि बायका तर पायरीसुद्धा चढत नसत. आत काहीतरी भलतेच दाखवतात अशी बोलवा होती.

हे बोलणे शिवगंगाबाईंना लागले. लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी न घेणारी, सोमवार कधी न मोडणारी बाई ती. त्यांचा आवाज पुढच्या दुकानातही जात नसे, पण एकदा मनात घेतले की घेतले. त्यांनी आतले आडपडदे काढून टाकले आणि कॉम्प्युटरची तोंडे रस्त्याकडे केली. कोण काय पाहतो आहे ते दारातून कुणालाही दिसावे. मग मला कोठीवरून उतरवले, सोड्याने घासले, रंगाचा हात दिला आणि दाराशी उभे केले.

त्या श्रावणात त्यांनी नेम धरला. रोज पूजा आटोपली की इंटरनेटवरची एक चांगली जागा स्वतः पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहायची आणि मगच तिचा पत्ता माझ्यावर लिहायचा. श्रावण संपला, नेम काही सुटला नाही. वेबसाइटला मराठीत संकेतस्थळ म्हणतात हे त्यांनी कुठेतरी वाचले होते. पण एवढा लांब शब्द माझ्या तेलकट कोपऱ्यात उमटेना. ‘संकेत’ नुसता फिसकटायचा. शेवटी त्यांनी तो सोडून दिला आणि वर ठळक लिहिले, ‘आजचे स्थळ’. खाली पत्ता, आणि त्याच्याखाली त्यांच्या शब्दांत चार ओळी.

मित्रांनो, काय काय लिहिले गेले माझ्यावर! कधी मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले तुरीचे भाव सांगणारे स्थळ, कधी लिंगायत शरणसंतांची वचने वाचायला देणारे. एक दिवस उपवासाच्या पदार्थांचे होते. त्या दिवशी पहिल्यांदा बायका पायरी चढल्या. परळीहून सुटणाऱ्या गाड्यांची वेळ सांगणारे होते, कोडी घालणारे होते, आणि एक तर नुसत्या विनोदांचे होते. ते लिहावे की नाही याचा त्यांनी बराच विचार केला. मग सगळे विनोद वाचून काढले आणि मुलांसमोर हसता येईल अशी खात्री झाल्यावरच लिहिले. हळूहळू लोकांना माहीत झाले की फळ्यावरचे स्थळ डोळे मिटून उघडावे.

एका बाजाराच्या दिवशी, इंग्रजी अक्षरांतला पत्ता सोडला तर, माझ्यावर असे लिहिले होते :

‘आजचे स्थळ. पुण्याकडचे. मुलींना पुढे शिकवतात. काही द्यावे लागत नाही. घरच्यांनी एकदा येऊन पाहावे.’

माझ्यासमोर एक गृहस्थ येऊन थांबले. कपाळावर विभूती, खांद्यावर टॉवेल. हे अण्णाराव, जवळच्या खेड्यातले किराणा दुकानदार. त्यांची मुलगी शिवकन्या बारावी झाली होती. ते तिच्यासाठी वर शोधत होते आणि तिने एकच हट्ट धरला होता, शिकू देणारे घर मिळाले तरच मांडवात उभी राहीन. असे घर शोधून त्यांच्या चपला झिजल्या होत्या. उन्हाळ्याच्या आत काही झाले नाही, तर येईल त्या स्थळाला हो म्हणायचे असे भाऊबंदांनी ठरवून टाकले होते. अण्णारावांनी मला वाचले, पुन्हा वाचले आणि त्यांचा चेहरा उजळला. टोपी सारखी करून ते आत गेले.

“शरणार्थ, अक्का. भाईर स्थळ लिवलंय, ते आपल्यातलंच हाय ना?”

शिवगंगाबाईंना वाटले, भाषेचे विचारताहेत. “आपल्यातलंच म्हणा की, काका. समदं मराठीत हाय.”

“आन् खरंच काही द्यायचं न्हाई?”

“काही न्हाई. उलट मुलींचं राहणं-जेवण तेच बघतात.”

“देवमाणसं म्हणायची. मग पोरगं काय करतं?”

दुकानातल्या सगळ्यांनी माना वळवल्या. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर रोज पत्ते खेळत बसणारा बंकट मात्र तोंड दाबता दाबता फुटला. “मामा, ह्या स्थळात पोरगं न्हाई, नुसता उंदीर हाय,” म्हणत त्याने हातातला माउस उचलून दाखवला. सगळे दुकान हसले.

अण्णाराव कानापर्यंत लाल झाले. ते तडक बाहेर आले आणि मला पुसायला त्यांनी खांद्यावरचा टॉवेल ओढला. मी मुळापासून हादरलो. शिवगंगाबाई त्यांच्यामागे दारात आल्या. बंकटला त्यांनी आधी बाहेर काढले, तेही नुसत्या नजरेने. मग हळूच म्हणाल्या,

“पुसा, काका. पण आपल्यात न बघता स्थळ नाकारत न्हाईत.”

टॉवेल तसाच हवेत राहिला. अण्णारावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा माझ्याकडे, आणि ते परत आत गेले.

शिवगंगाबाईंनी त्यांना लगेच ते स्थळ दाखवले नाही. आधी तुरीचा भाव दाखवला. तो सकाळी मोंढ्यात ऐकलेल्याशी जुळला तेव्हा अण्णाराव खुर्चीत नीट बसले. मग वचने दाखवली. मग कुस्तीचे फोटो, त्यावर तर ते स्वतःहून बोलू लागले. एवढे झाल्यावर त्यांनी पुण्याकडचे ते स्थळ उघडले. एका परिचारिका विद्यालयाचे होते ते. त्या काळी फोटो वरून खाली पट्ट्यापट्ट्यांनी उघडत. आधी छत आले, मग पांढऱ्या टोप्या, मग एका रांगेत उभ्या मुलींचे चेहरे. अंतरपाट सरायची वाट पाहावी तसे अण्णाराव पाहत होते. सगळ्या मुली शिवकन्येच्याच वयाच्या होत्या.

अण्णारावांनी पडद्याकडे आणखी वाकून पाहिले. मग म्हणाले, “चांगलं हाय, अक्का. पण लई लांब हाय. पोरगी नजरेआड व्हईल.”

“लगीन लावून दिलं असतं तरी लांबच गेली असती की,” शिवगंगाबाई म्हणाल्या. “तिथून ती शिकून परत तरी येईल.”

अण्णाराव उठले. टॉवेलाची घडी घालून ते निघून गेले. ते परत येतील असे दुकानात कुणालाच वाटले नाही. मला मात्र वाटले, कारण जाताना त्यांनी मला पुसले नव्हते.

पुढच्या बाजाराला ते आले, आणि शिवकन्या बरोबर होती. तिने तो पडदा अक्षर न् अक्षर वाचला. शंका विचारल्या, पत्ता उतरवून घेतला. अण्णाराव माझ्याशेजारी पायरीवर बसून होते. आत पाहत होते आणि मधूनच नाक पुसत होते. पुढे अर्ज गेला, बोलावणे आले, निवड झाली.

ती पुण्याला गेली त्याच आठवड्यात गावोगाव लग्ने जुळवत फिरणाऱ्या सुंदररावांनी अण्णारावांना माझ्यासमोरच गाठले. बंकटही तिथेच उभा होता.

“पोरीचं जमलं म्हणं, अण्णाराव. कुठलं स्थळ?”

“पुण्याकडचं.”

“काय द्यावं लागलं?”

“काही न्हाई.”

सुंदररावांचा विश्वास बसेना. “आन् पोरगं काय करतं?”

“पोरगं न्हाई त्यात,” अण्णाराव म्हणाले. “काय करायचं ते पोरगीच करणार हाय.”

बंकट या वेळी हसला नाही.

मित्रांनो, मला आता नवा रंग हवा आहे आणि तो मिळेल याची मला खात्री आहे. तुमच्या गावात माझ्यासारखा एखादा फळा असेल तर त्याच्यावर जाहिराती चिकटवू नका. त्याला ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने खरवडू नका. आणि हे मात्र नक्की ध्यानात ठेवा. कुणालाही एखादे स्थळ सुचवायचे असेल, मग ते पाककृतीचे असो, विनोदाचे असो की शिक्षणाचे, तर आधी स्वतः शेवटपर्यंत पाहा. तुम्ही लिहिलेली ओळ दुसऱ्या दिवशी पुसली जाते. पण ती वाचून कुणीतरी आपली पोटची पोर गाडीत बसवून दिलेली असते.