सरांची पाठ

पहिल्या वर्षाची पोरं गळायला लागली की आमच्या कॉलेजात एकच उत्तर मिळतं. "कच्ची असतात." झालं, पुढे विचारायचं नाही. मला मात्र विचारायची खोड. दिवाळीनंतर बाक रिकामे दिसायला लागले तशी मी एकेकाला गाठलं. एकजण जवळच्याच पूर्णा गावात गोडाउनात लागला होता. दारात नोकरी असताना चार वर्षं कोण थांबतो, म्हणाला. एकीच्या घरी ठरलं, भाऊ शिकतोय तेवढं पुरे. राग आला, पण कारण समजलं.

राहिलचं समजेना.

राहिल भिवंडीतला, घरची लूम म्हणजे यंत्रमागाची शेड, वर्गात माझ्याच बाकावर. कँटीनमध्ये समोर बसून म्हणाला, "सोमवारी ॲडमिशन कॅन्सल करतो. दिमागच नाय आपल्याला. सर बोलत राहतात, माझ्या टाळक्यात काय उतरतच नाय."

"मग ड्रॉइंगची शीट मला कोणी समजावली?"

"ती पुस्तकातून केलेली."

"पुस्तक कळतं आणि सर कळत नाहीत?"

"तेच तर सांगतोय. नेत्रा, तू पोलिसात जा. इंजिनिअर कशाला होतेस?"

हे सगळं अख्ख्या कँटीनला ऐकू गेलं. तो बोलतोच तसा. सुरुवातीला त्याने एक शंका विचारली, तर रामनाथ सर म्हणाले होते, "ओरडतोस कुणावर? बाजार आहे का हा?" तेव्हापासून वर्गात त्याचं तोंड बंद.

शनिवारी मी त्याच्या लूमवर निघाले. आई म्हणाली, "त्याला सोडायचाय तं सोडू दे. तुला काय पडलाय?" काय पडलंय ते मलाही सांगता आलं नसतं. आमच्या अंजूर गावाहून रिक्षा पकडली.

शेडमध्ये पाय टाकला आणि माझाच आवाज मला ऐकू येईना. राहिल एका टोकाला, त्याचे अब्बा सादिकभाई दुसऱ्या टोकाला, मधे खडखडणारे माग. अब्बांनी नुसते ओठ हलवले. राहिलने ओठ हलवूनच उत्तर दिलं. दोघं हसले. मग अब्बांनी पाठ फिरवली आणि गप्पा संपल्या.

पाठ. रामनाथ सर तासभर फळ्याशी बोलतात. आम्हाला त्यांची पाठच दिसते.

राहिलला बाहेर टपरीवर आणलं. "तो ट्रक बघ," म्हटलं आणि त्याच्या मागे सरकून साध्या आवाजात बोलले, "राहिल, तू बैल आहेस." तो ट्रक बघत राहिला. पुन्हा म्हटलं. ट्रकच.

समोर आले. "तुला बैल म्हणाले. दोनदा."

"कधी?"

"तुला कमी ऐकू येतं. तू ओठ वाचतोस."

"येडी का? घरात सगळे असेच आहेत आमच्या."

"तेच म्हणतेय मी. लूमच्या खडखडाटात कान गेलेत तुमचे."

त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "अम्मी म्हणते, टीव्हीचा आवाज हल्ली कमी झालाय," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून, "म्हणजे मी ढ नाय?"

"ते माहीत नाही. बहिरा आहेस हे नक्की."

सोमवारी मी वर्गात गेले तेव्हा तो पहिल्या बाकावर बसला होता. ऑफिसात गेला नव्हता. सर आले, फळ्याकडे वळले, सुरू झाले. राहिल उभा राहिला आणि लूमवरच्या आवाजात म्हणाला, "सर, तोंड इकडे करून शिकवा. ओठ दिसले तरच मला कळतं."

वर्ग हसला. सरांचा खडू थांबला. "इतकी वर्षं शिकवतोय. कुणाची तक्रार नाही."

"ज्यांची होती ते कॉलेज सोडून गेले, सर," मी म्हटलं.

सरांनी माझ्याकडे असं बघितलं की माझे प्रॅक्टिकलचे मार्क तिथेच गेले. पण वळले. तेच गणित आमच्याकडे बघून सांगितलं. राहिल भराभर उतरवत होता. मग सवयीने सर पुन्हा फळ्याकडे फिरले.

राहिल पुन्हा उठला. "सर, तोंड."

यावेळी कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरचा तनवीर, त्याच्याही घरी लूमच, बसल्या जागेवरून तसाच मोठ्याने म्हणाला, "हां सर. तोंड."